प्रायव्हेट वर, लॉग खाली

"यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसूच नये. माझ्या शब्दावर चटकन विश्वास ठेवणारं माणूस कोड तपासायच्या कामाचं नाही. पण या दोन डोळ्यांनी नुसत्या त्रेचाळीस ओळी वाचून मी एकदा अख्खी कंपनी वाचवली आहे."

परवा जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये मी अशी सुरुवात केली, तेव्हा नव्या टेस्टरबाईंनी चमचा खाली ठेवला. त्यांचा कंपनीतला तिसराच दिवस होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टाचणी संत्रं सोलत बसली होती. टाचणी आता आमच्या टीमची प्रमुख आहे. अंगाने बारीक, बोलणं मोजकं, आणि बोलली की टोचते, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. गोष्ट तिचीच होती, म्हणून मी मुद्दाम तिच्याकडे बघून म्हणालो, "साक्षीदार हजर आहे. खोटं वाटलं तर विचारा. हो ना गं?"

टाचणीने सालाची एक लांब पट्टी काढली.

"सहा वर्षं झाली," मी म्हणालो. "टाचणी तेव्हा नवी होती. सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. त्या सहा महिन्यांत तिचा एक तरी बदल सीनियरने, म्हणजे मी, तपासून पास करायचा. नाहीतर सामान उचलायचं. पहिला बदल मी परत पाठवला, कारण ओळींमध्ये मोकळी जागा जास्त होती. दुसरा पाठवला, कारण जागा कमी होती."

"आजोबा, तुम्ही छळवादीच की!" टेस्टरबाई म्हणाल्या. ऑफिसात सगळे मला आजोबाच म्हणतात.

"छळ नाही, दक्षता. ही आल्या दिवसापासून माझ्या मनात पाल चुकचुकत होती. टेबलावर घरच्यांचा एक फोटो नाही. ड्रॉवरला स्वतःचं कुलूप. दारावरच्या वॉचमनला रोज हसून 'कसे आहात' विचारणार. मला सांगा, सरळ माणूस वॉचमनला रोज कसे आहात विचारतं?"

"मी विचारते," टेस्टरबाई म्हणाल्या.

"तुमच्याकडेही लक्ष ठेवावं लागेल."

मग मी त्यांना आमचं टूल समजावलं, कारण ते कळल्याशिवाय गोष्टीला चव नाही. एका मोठ्या सर्व्हरवर पन्नास-साठ कंटेनर असतात. कंटेनर म्हणजे झाकण लावलेला डबाच. प्रत्येकात एकेक प्रोग्रॅम. एकात सगळ्यांच्या हजेरीचा, एकात कँटीनच्या कुपनांचा, एकात लिफ्टचा. कोणत्या डब्याने कोणाशी बोलायचं ते आमचं टूल ठरवतं, आणि टूलला काय हवं ते ऑप्शनांनी सांगायचं. त्यातले दोन ऑप्शन शेजारी शेजारी. 'प्रायव्हेट': हा डबा बाकीच्यांपासून वेगळा ठेवायचा का? आणि 'लॉग': याच्या तोंडून निघालेला शब्दन् शब्द डिस्कवर लिहून ठेवायचा का? दोन्हींना उत्तर हो किंवा नाही, तिसरं काही नाही.

"तर तो शुक्रवार. टाचणीच्या सहा महिन्यांचा शेवटचा दिवस. सकाळी दहाला तिचा तिसरा बदल माझ्याकडे आला. त्रेचाळीस ओळी, त्यातल्या एक्केचाळीस निव्वळ झाडलोट. राहिलेल्या दोन ओळींत काय, तर लॉग वर होता आणि प्रायव्हेट खाली, तिने प्रायव्हेट वर नेला आणि लॉग खाली आणला. सोबत टीप तीन शब्दांची: 'क्रम पूर्वीसारखा केला.' आता पूर्वीसारखा म्हणजे कधीसारखा? कोणी मोडला होता? नावगाव काही नाही. मी तिथूनच हाक मारली, 'का गं, हा क्रम का बदललास?' ही काय म्हणाली असेल?"

"काय?"

"म्हणाली, 'डिस्क भरतात म्हणून.'"

टेस्टरबाई हसल्या. मीही त्या दिवशी हसलो होतो. डिस्क भरायच्या हे खरं होतं. दर महिन्याला एक डिस्क गच्च भरायची. कशाने, कोणाला ठाऊक नव्हतं. सर्व्हरच्या खोलीत दुसरं कपाट आलं, मग तिसरं. एक इंजिनियर तर उंदरांवर संशय घेऊन मोकळा झाला होता. पण डिस्क भरण्याचा आणि दोन ओळी वरखाली करण्याचा संबंध काय? चोराला दारात अडवून विचारावं, आणि त्याने हवापाण्याबद्दल बोलावं, तसलं ते उत्तर होतं.

"मग मी डोळ्यांत तेल घालून बसलो. हे ऑप्शन बाकीच्या कोडमध्ये कसे भरतात ते शोधलं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. आमच्या कोडमध्ये ऑप्शनचं नाव लिहायची पद्धतच नव्हती. नुसती उत्तरं लिहायची, ओळीने. पहिलं पहिल्याला, दुसरं दुसऱ्याला. म्हणजे वर क्रम बदलला, की खाली सगळीकडे एकाचं उत्तर दुसऱ्याच्या पदरात. टूल कुरकुरतसुद्धा नाही, कारण हो आणि नाही दोन्हींना चालतात."

"अगंबाई!" टेस्टरबाई म्हणाल्या. "म्हणजे एका फटक्यात सगळे डबे उघडे पडणार."

"शाब्बास. मीही हेच म्हणालो. एक्केचाळीस ओळींच्या झाडलोटीखाली लपवलेला डाव! एवढ्यात टाचणी फोन घेऊन जिन्यात गेली. मी पाण्याची बाटली उचलली आणि मागोमाग गेलो."

"पाणी जिन्यात असतं?"

"त्या दिवशी होतं. मधे पडू नका. कठड्याआडून ऐकलं, हळू आवाजात बोलत होती, 'आज कळेल. म्हातारा वाचतोय अजून. नाही, मी त्याला काही सांगणार नाही. त्याचं त्याला कळू दे.' आता मला सांगा, दुसऱ्या कोणाला घाम फुटला नसता?"

"कोणाशी बोलत होतात हो?" टेस्टरबाईंनी टाचणीला विचारलं.

"आईशी," टाचणी म्हणाली, आणि संत्र्यावरचे पांढरे धागे एकेक करून काढू लागली.

"आईशी, हे मला आज कळतंय. तेव्हा मी जागेवर आलो आणि ठरवलं, ही मुलगी कोणीतरी पेरलेली आहे. फक्त पुरावा हवा होता. आमच्याकडे एक सोय असते. कुठलीही ओळ निवडा, ती कोणी लिहिली, कधी लिहिली, सगळं समोर येतं. मी म्हटलं, मूळचा क्रम ज्याने कोणी लावला त्या भल्या माणसाचं नाव काढू, आणि हिच्यासमोर धरू. बरोबर बारा वाजले होते. मी बटण दाबलं."

इथे मी थांबलो. पाण्याचा घोट घेतला. गोष्ट सांगताना कुठे पाणी प्यायचं हे कळायला चाळीस वर्षं लागतात.

"कोण होतं?"

"मी."

टेस्टरबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"त्याच्याही अकरा वर्षं आधीचा मी! शेजारी टीप: 'ऑप्शन इंग्रजी वर्णक्रमाने लावले, दिसायला बरं.' आधी प्रायव्हेट वर होता, लॉग खाली. सगळीकडे उत्तरं भरलेली: हो, नाही. म्हणजे वेगळा ठेव, लिहून ठेवू नकोस. मी दिसायला बरं म्हणून लॉग वर नेला, आणि अकरा वर्षं सगळीकडे उलटं चाललं. लिहून ठेव, वेगळा ठेवू नकोस. डबे सताड उघडे, आणि त्यांची सगळी बडबड डिस्कवर. सकाळपासून मी हिचा बदल दहा वेळा वाचला होता, पण आत्ताचा क्रम बरोबर आहे का हे एकदाही बघितलं नव्हतं. आहे तो बरोबरच असणार, असं धरून चाललो होतो."

"मग? तुम्ही काय केलंत?"

"करतो काय? पायाखालची जमीन सरकली. खिडकीशी जाऊन उभा राहिलो. दोन-चार किरकोळ पत्रं पाठवायची राहिली होती, ती पाठवली. साडेबारा झाले असतील."

टाचणीचा हात धाग्यावर थांबला. मी ते पाहिलं, आणि गाडी पटकन पुढे दामटली.

"पण खरी गंमत पुढेच आहे! अकरा वर्षं झाकणं उघडी म्हटल्यावर डबे गप्प बसतील? मी त्या डिस्क वाचल्या. सगळ्या."

"अकरा वर्षांच्या?"

"जेवणाच्या सुट्टीत. हजेरीच्या डब्याने लिफ्टच्या डब्याला सांगून ठेवलं होतं, कोण उशिरा येतं ते. म्हणून उशिरा येणाऱ्याला लिफ्ट कायम सातव्या मजल्यावर सापडायची. कँटीनचा डबा कॉफीच्या यंत्राशी कुजबुजायचा. ज्याने ताटात अन्न टाकलं त्याची कॉफी कडू. आणि पगाराचा डबा एकटाच कोणाशी बोलत नव्हता. त्याला सगळं ठाऊक होतं ना, म्हणून तो शिष्ट!"

टेस्टरबाई डोळे पुसत हसत होत्या. शेजारच्या टेबलावरचेही दोघे-तिघे खुर्च्या वळवून बसले. माणसं अशी हसायला लागली, की मला शेवट कसा करायचा ते सुचत जातं.

"आता तिढा बघा," मी आवाज खाली आणला. "बदल पास केला, तर चूक कोणाची ते जगजाहीर. नाही केला, तर पाच वाजता ही पोरगी घरी. आणि हिला सकाळपासून माझं नाव ठाऊक होतं बरं का! ओळीवर लिहिलेलंच होतं. तरी टिपेत घातलं नाही, मला तोंडावर म्हणाली नाही. त्याचं त्याला कळू दे, म्हणाली. दुसरा कोणी असता तर त्याने मानच खाली घालून घर गाठलं असतं. मी काय केलं? पाचला पाच कमी असताना छाती पुढे काढून बसलो, आणि सगळ्यांदेखत अप्रूव्हचं बटण दाबलं. हिला बोलावलं आणि म्हणालो, 'पोरी, चूक माझी, शहाणपण तुझं. उद्यापासून या टूलची मालकीण तू.' तेव्हा हिच्या डोळ्यांत पाणी होतं."

"किती छान," टेस्टरबाई म्हणाल्या.

"हो ना गं, टाचणी?"

टाचणीने संत्र्याच्या फोडी मोकळ्या केल्या. एक टेस्टरबाईंच्या ताटात ठेवली, एक माझ्या. मग कागदी रुमालाला बोटं पुसली.

"आजोबा, लिफ्ट चालेल," ती म्हणाली. "कॉफीही चालेल, दर वेळी हसते मी. पण अप्रूव्ह तुम्ही केलं नव्हतं. मॅनेजरबाईंनी स्वतः वाचून केलं. आणि साडेबारा वाजता, ओळीवर तुमचं नाव बघून झाल्यावर, तुम्ही त्यांना जे किरकोळ पत्र पाठवलंत ना, 'ही मुलगी धोक्याची आहे, आजच्या आज काढा,' ते त्यांनी मला त्याच दिवशी वाचायला दिलं होतं."