गुणाक्काचा हात

गुणाक्काने साडीचा काठ काठाला लावला आणि तो तिसऱ्यांदा निसटला. तिचा उजवा हात थरथरत होता. तो मांडीखाली दाबून तिने समोर बसलेल्या रक्षाकडे बघितलं आणि ओशाळं हसली.

वडगावातल्या रक्षाच्या घरच्या यंत्रमागावर निघालेल्या साड्यांच्या घड्या गेली तीस वर्षं तीच घालत आली होती. रक्षाची आई मागावर असताना तिला अंगाखांद्यावर खेळवलं तेही तिनेच. आता रक्षा बेंगळुरूहून आठवड्याच्या सुट्टीवर आली होती. आईने गल्लीत तिला केव्हाच मोठी डॉक्टर करून टाकलं होतं. आपण पीएचडीनंतर संशोधन करणारी पोस्टडॉक आहोत, असं रक्षाने सांगून पाहिलं. तर पोस्टात डॉक्टर कशाला लागतो, असं शेजारच्या अक्काताईंनी विचारलं.

गुणाक्काला पार्किन्सन्स आहे हे रक्षाला ठाऊक होतं. ती आज ना उद्या औषध मागणार, याची तिला आल्यापासून भीती वाटत होती.

"तू तिथं नेमकं काय करतीस गं?" गुणाक्काने विचारलं.

"शरीरात प्रथिनं असत्यात, आक्का. त्यांची घडी नीट बसाय लागती. चुकली की त्यांच्या गुठळ्या हुत्यात. तुझ्या हाताचं दुखणं तसलंच हाय. घडी बसवाय मदत करणारे रेणू असत्यात, चॅपरोन म्हणत्यात त्यास्नी. मी त्यांचा अभ्यास करते."

"म्हंजे माझंच काम की."

"व्हय." रक्षा हसली. पण आत्ता सांगितलं नाही तर पुन्हा धीर होणार नाही, हेही तिला कळत होतं. "पण माझ्याकडं औषध न्हाय, आक्का. अजून लई वर्षं लागतील. तुझ्या हाताला त्याचा उपयोग हुईल असं वाटत न्हाय."

"ते दवाखान्यात सांगितलंय मला. मी औषध मागाय आलीच न्हाय." गुणाक्काने पोलक्याची डावी बाही वर सारली आणि हात पुढे केला. "रक्त काढून घे. असल्या दुखण्याच्या माणसांचं तुमास्नी तपासाय लागत असंल न्हवं?"

रक्षाचं सगळं काम यीस्टच्या पेशींवर चालायचं. माणसाच्या रक्ताचा तिथे संबंधच नव्हता. उठून या बाईच्या गळ्यात पडावं, असं तिला फार वाटलं.

"काढ की. खडेबाजारातला लॅबवाला उपाशीच ये म्हणतोय. सकाळधरनं पाण्याबिगर काय घेतलं न्हाय बघ."

रक्षाने घड्याळाकडे पाहिलं. दीड वाजून गेला होता.

"हे रक्त जेवल्यावरच काढत्यात," ती म्हणाली, आणि ताटं वाढायला आत गेली.

गुणाक्का हात धुऊन पाटावर बसली. बाही मात्र तिने खाली केली नाही.