मागच्या दोऱ्या

गालावरची बट जेमतेम हलावी, एवढाच वारा होता. पायाखालची फळी पाण्यावरून ओढणारा आपला मोठा पतंग ताईनं किनाऱ्यावर पसरला आणि दोऱ्या तपासल्या. हातातल्या दांड्यापासून पतंगाच्या मागच्या कडेला जाणाऱ्या दोन्ही दोऱ्या कुणीतरी सैल केल्या होत्या. आज शर्यत होती. संघात जागा एकच, आणि ती मागणाऱ्या दोघी सख्ख्या बहिणी.

"माझ्या पतंगाला हात तू लावलास?"

"लावला," धाकटी म्हणाली. "मंद वाऱ्यात मागून आवळलेला पतंग मागेच कोसळतो, ताई."

"आणि माझा एवढा पुळका तुला नेमका आजच आला?"

ताईनं रागारागानं दोऱ्या पुन्हा आवळल्या आणि पतंग सोडला. तो कसाबसा चढला, थबकला, आणि मागे कलंडून पाण्यात आपटला. तिनं दोऱ्या पुन्हा सैल केल्या. आता तो अलगद वर गेला, पण तिच्या मनातला काटा काही निघेना.

"खरं सांग, का केलंस?"

"तू हरलीस की जन्मभर दोऱ्यांना बोल लावशील. मला ती कटकट नको."

ताईला हसूच फुटलं. आता कुठे तिचा बहिणीवर विश्वास बसला.