खाटकाच्या ओंडक्याची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना ओंडका आहे. साधासुधा नव्हे, खाटकाच्या दुकानातला. लगेच नाक मुरडू नका. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी रविवारी जे शिजते, ते आधी माझ्यासारख्याच कुणाच्या तरी अंगावर पडलेले असते. मी रक्तामांसाचेच बोलणार, कारण माझा जन्म त्यातच गेला. पण ज्या रक्ताची आठवण अजून माझी पाठ सोडत नाही, ते बकऱ्याचे नव्हते. मन घट्ट करा आणि ऐका.

मी चिंचेच्या झाडाचे खोड. रस्ता रुंद करायचा म्हणून मला पाडले, आडवे कापले आणि वखारीत टाकून दिले. एके दिवशी तिथे दोन माणसे आली. एक आडदांड, दारातून वाकून आत येणारा. दुसरा इतका किडकिडीत की जोराचे वारे आले तर त्याला खांबाला धरून उभे राहावे लागले असते. आडदांडाने पिशवीतून सत्तूर काढला आणि काही विचारपूस न करता माझ्या डोक्यात हाणला. मी चिरफळलो नाही. "हा चालेल," तो म्हणाला. झाली माझी निवड! शाळेत घालताना तुमची इतकी कडक परीक्षा कुणी घेतली नसेल.

ते दोघे साडू होते, म्हणजे दोन सख्ख्या बहिणींचे नवरे. बाजारात त्यांचे भागीत दुकान होते. मोठ्या बहिणीचा नवरा तो पैलवान आणि धाकटीचा नवरा तो बारक्या. सगळा बाजार त्यांना ह्याच नावांनी ओळखत असे. हाडे फोडायचे काम पैलवानाचे. बारक्या पातळ सुरी घेऊन हाडावरून मांस असे सोडवत असे की हाड धुऊन ठेवल्यासारखे दिसे. बोलण्यात मात्र त्याची पाटी कोरी. चहात साखर कमी पडली तर तीसुद्धा मागायला लाजायचा.

माझे दिवस तेव्हा मजेत होते. संध्याकाळी मला लोखंडी पात्याने खरवडून जाडे मीठ चोळत. "ओंडका आहे की लोखंड!" असे गिऱ्हाइके म्हणत आणि मी आतल्या आत फुगत असे.

दोघेही ख्रिस्ती, एकाच चर्चचे. रविवारची प्रार्थना संपली की सगळी मंडळी थेट आमच्या दुकानापुढे रांग लावत असे. पैलवानाचा त्या मंडळीत मोठा मान होता. गाणे सुरू करायचे तर त्यानेच, कुणाला पाठीवर घालून दवाखान्यात न्यायचे तर त्यानेच. गरिबाच्या पिशवीत न मागता दोन हाडे जास्त टाकणारा माणूस. तो सरळसरळ दुष्ट असता तर माझे काम सोपे झाले असते. तसा तो नव्हता.

त्याची बायको, म्हणजे मोठी, दुपारी दोघांचा डबा घेऊन यायची. तिची जीभ मोठी तिखट. "ह्यांना अख्खा बकरा सोलता येतो, पण ताट वाढून घेता येत नाही," असे म्हणून ती सगळ्या दुकानाला हसवायची. एका दुपारी ती हेच म्हणाली आणि त्या दिवशी पैलवान हसला नाही. सकाळी कुणाशी तरी त्याचे वाजले होते. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिचे तोंड माझ्या कडेवर आपटले. मग पुन्हा आपटले.

मित्रांनो, हाडांचे आवाज मी ओळखतो. बरगडीचा निराळा, मांडीचा निराळा. तो जबड्याचा होता.

समोर तीन गिऱ्हाइके उभी होती. तिघांनी आपापल्या पिशवीत बघितले. त्यांतले एक चर्चमध्ये दानपेटी फिरवणारे गृहस्थ. ते घसा खाकरून म्हणाले, "अर्धा किलो होईल ना?" पैलवानाने अर्धा किलो तोडून दिले. मोठी तोंडावर हात दाबून निघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात बातमी पसरली की ती जिन्यावरून पडली.

बारक्या सुरी धरून कोपऱ्यात उभा होता. संध्याकाळी मला खरवडताना मात्र तो त्या कडेपाशी थांबला आणि तिथला डाग त्याने पात्याने नाही, आपल्या सदऱ्याने पुसला.

त्यांच्या मंडळीत एक जुनी रीत होती. आपला भाऊ पाप करताना दिसला तर त्याच्या माघारी कुजबुजायचे नाही. आधी एकट्याने जाऊन त्याच्या तोंडावर सांगायचे. ऐकले नाही तर एकदोघांना सोबत घेऊन सांगायचे. तरीही नाही ऐकले तर सगळ्या मंडळीपुढे. ख्रिस्ताने घालून दिलेली रीत म्हणून ती सगळ्यांना पाठ होती. पाठ असणे आणि पाळणे ह्यांत किती अंतर असते, ते मी रोज रांगेत बघत होतो.

पैलवान बकरे आणायला बाहेरगावी गेला होता, तेव्हा धाकटी दुकानात आली. डोळे रडून सुजलेले होते तिचे.

"तुम्ही बोलणार आहात की मी बोलू?" तिने नवऱ्याला विचारले.

"मी बोलतो. आधी एकट्यानंच बोलायचं असतं."

"त्यांच्या हातात सत्तूर असताना?"

"त्यांच्या हातात सत्तूर कधी नसतो गं?"

ती हसली नाही. तोही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हते. बारक्याने दुकानाचे शटर पूर्ण खाली ओढले. चारचौघांत पैलवानाची अब्रू जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. मला विचाराल तर भल्या माणसाने केलेली ती शुद्ध घोडचूक होती.

"दादा," तो म्हणाला. "तुम्ही ताईवर हात उचलता. ते पाप आहे. देवासमोर तुम्हाला त्याचा जाब द्यावा लागेल. मी तुमचा भाऊ म्हणून सांगतोय. थांबा."

पैलवान आधी हसला. "तू मला शिकवणार? तू?"

"शिकवत नाही. हात जोडून सांगतोय. पण सांगतोय."

"घरची गोष्ट आहे ती माझ्या."

"ती मेली तरी घरचीच गोष्ट म्हणणार का?"

पैलवानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने बारक्याचे मनगट पकडले, डावा हात माझ्यावर दाबून धरला आणि सत्तूर उचलला. मला वाटले, भीती घालतोय. बारक्यालाही तसेच वाटले असावे, कारण त्याने डोळे मिटले नव्हते. सत्तूर खाली आला. दोन बोटे माझ्यावर राहिली आणि बाकीचा हात मागे गेला.

हजारो घाव मी सोसले आहेत. मेलेल्यावर पडणारा घाव आणि जित्यावर पडणारा घाव ह्यांत काय फरक असतो ते त्या दिवशी कळले. जिते रक्त ऊन असते आणि ते थांबत नाही. बारक्या गुडघ्यांवर कोसळला. शुद्ध हरपण्याआधी तो एवढेच म्हणाला, "ताईला हात लावू नका."

मग पैलवानाची पाचावर धारण बसली. त्याने शटर वर फेकले, "सत्तूर निसटला, सत्तूर निसटला!" असा टाहो फोडला आणि बारक्याला उचलून दवाखान्याकडे धावत सुटला. साडूसाठी जीव टाकतो बघा, असे म्हणत लोकांनी तोंडात बोटे घातली.

हाताला पट्टी बांधून बारक्या कामावर परत आला, तेव्हा पैलवान त्याच्याशी नजर मिळवत नव्हता. त्याला वाटले, आता ह्याच्या तोंडाला कायमचे कुलूप. पण बारक्या दुसऱ्यांदा बोलला. ह्या वेळी सोबत धाकटी होती आणि सुऱ्यांना धार लावणारे एक म्हातारे काका होते. शटर उघडे होते. तेवढी अक्कल दोन बोटे देऊन आली होती.

"दाजी," धाकटी म्हणाली, "घरची गोष्ट म्हणता ना? मग ती माझ्याही घरची आहे. आम्ही दोघी एका ताटात जेवून मोठ्या झालोय."

पैलवानाने भिंतीवरचा हुक ओढून फेकला. तो धारवाल्या काकांच्या खांद्यात घुसला. म्हातारा जागीच बसला, पण "खरं तेच बोलतायत हे," असे खांदा घट्ट दाबत म्हणाला. पैलवान तरातरा घरी गेला आणि सगळा राग मोठीवर काढला.

धाकटी दुसऱ्या दिवशी सांगत आली. "तिच्या बरगड्या मोडल्यात. श्वास घेतला की कळवळते. मी म्हटलं, चल माझ्याकडे. तर म्हणते, मी आले तर ते तुझ्या नवऱ्याला जिवंत सोडणार नाहीत. रीत रीत करता करता माझी बहीण जाईल हो!"

"कशाची वाट बघता? तिला आजच तिथून बाहेर काढा," असे मला ओरडून सांगावेसे वाटले. बारक्याने मान खाली घातली. "आता मंडळीच राहिली," तो म्हणाला. "आणि मंडळी इथंच येते."

रविवारी प्रार्थनेनंतर रांग लागली. पैलवानाने मोठीलाही आणून बसवले होते, कारण ती दिसली नाही तर लोक विचारतील. रुमालाने अर्धे तोंड झाकून ती पुडे बांधत होती. पैलवानाने पहिली मांडी माझ्यावर ठेवली. बारक्याने ती बाजूला सारली आणि पट्टीतला हात माझ्यावर मांडला.

"ऐका," तो म्हणाला. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसावे. "सत्तूर निसटला नव्हता. ताई जिन्यावरून पडली नव्हती. ह्यांनी तिचा जबडा फोडला, बरगड्या मोडल्या. मी एकट्यानं सांगितलं, दोघांना घेऊन सांगितलं. आता तुम्हा सगळ्यांसमोर सांगतोय. आता कुणाला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही."

"हात काढ," पैलवान म्हणाला.

"नाही काढत."

"काढ म्हणतो ना!"

"तीन बोटं आहेत अजून, दादा. घ्या हवी तर. मी बोलायचा थांबत नाही."

सत्तूर आला. तो अंगठ्याच्या शेजारी माझ्यात इतका खोल रुतला की उपसता येईना. मग पैलवानाने मूठ वापरली. बारक्या पडला, उठला, हात पुन्हा माझ्यावर ठेवला. पुन्हा ठोसा बसला. नाकातून रक्त गळू लागले. तो पुन्हा उठला. रांगेतली माणसे मूग गिळून उभीच होती.

तेव्हा मोठी उठली. तिने रुमाल सोडला. जबडा वाकडाच बसला होता. बोलणे नीट फुटत नव्हते, तरी कळत होते.

"मला मारलं तेव्हा तुम्ही इथंच उभे होता." तिने दानपेटीवाल्या गृहस्थांकडे बोट केले. "तुम्ही. अर्धा किलो मागितलंत."

त्या गृहस्थांच्या हातातली पिशवी पडली. तेच सगळ्यांत आधी पुढे आले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. मागून आणखी चौघे आले. पैलवानाने एकाला हुकांवर भिरकावले, दुसऱ्याच्या पोटात लाथ घातली, पण पाच जणांपुढे तो आडवा झाला. आणि मग त्या मंडळीने, ज्यांना इतके दिवस बोलायला तोंड नव्हते त्यांनी, त्याला लाथांनी तुडवायला सुरुवात केली. डोके, पाठ, पोट, जिथे सापडेल तिथे. मी खाटकाचा ओंडका. तरी माझ्याही अंगावर काटा आला.

बारक्याने स्वतःला पैलवानावर झोकून दिले. दोन लाथा त्याच्याच पाठीत बसल्या.

"मारू नका!" तो ओरडला. "थांबवा म्हणून सांगितलं मी. मारा म्हणून नाही!"

लोक मागे हटले. धाकटीने बहिणीला खांद्याशी धरले आणि दोघी दुकानाबाहेर पडल्या. मोठीने मागे वळून पाहिले नाही. पैलवान फरशीवर बसून राहिला. ओठ फाटला होता, डोळा मिटला होता, आणि तो लहान मुलासारखा हुंदके देत होता.

"काय उरलं रे आता माझं?" तो म्हणाला.

"मी आहे ना," बारक्या म्हणाला. "पण ताई परत येणार नाही. तिला बोलवायला जायचं नाही तुम्ही. उठा, चौकीवर जाऊ. मी बरोबर येतो."

"बोटांचं सांगायचं?"

"बोटांचं मी सांगितलंय. ताईच्या जबड्याचं तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा."

दोघे एकमेकांना धरून गेले. कुणी कुणाला धरले होते, हे सांगणे अवघड होते. पैलवान तिथे सगळे खरे बोलला आणि त्याची शिक्षा त्याने भोगली, हे मला नंतर धारवाल्या काकांकडून कळले. बारक्या त्याला महिन्याच्या महिन्याला भेटायला जात असे.

दुकान बंद झाले. मी आता बारक्याच्या घरामागे उन्हापावसात पडलेला असतो. मला बुरशी आली आहे, मधोमध चीर गेली आहे, कोंबड्या माझ्यावर बसून घाण करतात. माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही, माझे आयुष्य झाले. तुमच्या ओळखीच्या घरात कुणावर हात उठत असेल तर त्याची काळजी घ्या. भिऊ नका असेही मी सांगत नाही, बारक्या भ्यायला होताच. फक्त आधी मार खाणाऱ्याला तिथून बाहेर काढा, मोठ्या माणसांना हाक मारा, दार उघडे ठेवा, आणि मग मारणाऱ्याच्या तोंडावर सांगा.

मोठी जिवंत आहे. संध्याकाळी ती अंगणात बसते आणि धाकटी तिला वाटीतून पातळ पेज भरवते. पहिला घाव पडला त्याच दुपारी कुणी बोलले असते आणि तिला दवाखान्यात नेले असते, तर आज तिला स्वतःच्या दातांनी घास चावता आला असता.