अकरा सेकंद

चोवीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन प्रश्न विचारतेय, आणि आता मला प्रश्न कसे विचारायचे ते शिकवणार! असा मनातल्या मनात जळफळाट करतच मी संशोधन पद्धतींच्या ट्रेनिंगला बसले. शिकवणारी मॅडम माझ्या लेकीच्या वयाची. जेवणानंतरची वेळ, पडदे ओढलेले, पंखा आपला हळूहळू फिरतोय. आम्ही बारा समाजसेवक, सगळे मुरलेले आणि सगळे पेंगुळलेले.

"आपलीच एक मुलाखत ऐका," मॅडम म्हणाली. "ऐकू येईल ते सगळं उतरवा. माणूस गप्प बसला तर तेही. किती सेकंद, तेसुद्धा."

"गप्प बसणं काय लिहायचं, कप्पाळ?" मी शेजारणीला म्हटलं. ती हसली आणि हेडफोन लावून मोकळी झाली.

माझ्याकडे मागच्या आठवड्यातलं रेकॉर्डिंग होतं, परवानगी घेऊन केलेलं. सात वर्षांची, आई वारलेली मुलगी. बापाच्या आजारपणात वर्षभर बालगृहात ठेवलेली. बाप आता बरा झालाय, तर तिला परत द्यायचं की नाही, याचा अहवाल सोमवारी द्यायचा होता. मी तो लिहूनही टाकला होता. 'वडील उदासीन. मुलीला तिथेच ठेवावे.' विषय संपला.

हेडफोन लावले तशी समोरची खोली विरघळली. मी पुन्हा त्या बापाच्या स्वयंपाकघरात होते, पण या वेळी कुणाला न दिसता. नळ ठिबकत होता. दूर कुठेतरी कुणी कपडे झटकत होतं. मग माझा आवाज आला, "मुलीला घरी आणायचंय ना तुम्हाला?"

काहीच नाही. मी सेकंद मोजत राहिले. खुर्ची करकरली. त्यानं श्वास आत घेतला आणि तसाच धरून ठेवला. नऊ, दहा, अकरा. "ती..." तो म्हणाला, आणि त्यावर लगेच मी, "बरं. कामाच्या वेळा काय तुमच्या?"

पाच वेळा मागे जाऊन ऐकलं. पाचही वेळा मी त्याला बोलू दिलं नाही. मला लाज वाटली, चांगलीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्याकडे गेले, तोच प्रश्न विचारला आणि तोंड मिटून बसले. माझ्यासाठी ही शिक्षाच. आमचे हे म्हणतात, हिच्याशी बोलताना भिंतसुद्धा दमेल. खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत टेबलाच्या पायापर्यंत आलं. माझे डोळे झोपेनं जड झाले होते.

"ती झोपेत बोलते," तो शेवटी म्हणाला. "आई गेल्यापासून. मी उठून उत्तर द्यायचो, मग ती शांत व्हायची. तिथं रात्री तिला कोण उत्तर देतं?"

मी उठले. जिन्यात येऊन बालगृहातल्या ताईंना फोन लावला.

"हो, बोलते ना," त्या म्हणाल्या. "बाकीच्या मुली जाग्या होतात, म्हणून तिला हल्ली कोपऱ्यातल्या खोलीत एकटीला झोपवतो. दार लावलं की ऐकू येत नाही."

मी तिथेच पायरीवर बसले. वहीचं कोरं पान काढलं. 'मुलगी घरी जावी' असं लिहिलं आणि खाली कारण लिहिलं, त्याच्याच शब्दांत.