रिपोर्टमधली आई

"काका, रक्त खोटं बोलतं का?"

प्रश्न टकळीचा, पैज मैत्रिणींची. त्या दोघी लॅबच्या दारात हसू दाबत उभ्या होत्या. घरात हिचं तोंड दिवसभर चालतं म्हणून नाव टकळी. परक्यांसमोर मात्र ते या वर्षीच उघडायला लागलं होतं. आईचा नवा रिपोर्ट तिच्या हातात होता आणि उत्तर तिला खरंच हवं होतं.

आईला थायरॉइड कमी, रोज उपाशीपोटी एक गोळी, हे जुनंच. दोन महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट मात्र म्हणाला, थायरॉइड वाढलंय. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली. आता पुन्हा वाढलेलंच आलं तर बंद करू, म्हणाले होते. आणि आलं होतं वाढलेलंच. छापखान्यात काम करणाऱ्या बाबांचं एकच, छापून आलंय म्हणजे तपासूनच आलं असणार.

थायरॉइड वाढलं की उकडतं, म्हणजे रिपोर्टमधल्या बाईला घाम फुटायला हवा होता. घरातली आई भर दुपारी स्वेटर घालून आपल्या पार्लरमध्ये बसायची. आवाज जाड झालेला, जणू घशात दुसरंच कोणी बसलंय. परवा एकीचे केस विंचरताना तिचा कंगवा मध्येच थांबला. आरशांत मिळून सहा आया, सहाही थांबलेल्या. समोरची "ताई, अहो ताई" करत राहिली. मग आई हसली, पण ते हसू चेहऱ्यावर पोचायला इतका वेळ लागला की टकळीच्या अंगावर काटा आला. आईच्या नावाची कुणी दुसरीच बाई हिच्यातलं सगळं घेऊन पळत सुटलीय, असं तिला वाटलं.

रक्त काढणारे काका हसले नाहीत. हातातल्या नळीवर चिठ्ठी चिकटवून त्यांनी विचारलं, "आई केसांच्या गोळ्या घेते का गं? बायोटिनच्या?"

टकळीने होकारार्थी मान हलवली. पार्लरच्या काउंटरवर त्याच तर विकायला होत्या. आईचे केस गळत होते, आणि विरळ केसांच्या बाईच्या हाती आपले केस कोण देणार, म्हणून ती स्वतःच रोज दोन-दोन घ्यायची. त्यांना औषध कोण म्हणतं? डॉक्टरांना तिने सांगितलंच नव्हतं.

काका म्हणाले, या गोळ्यांनी कधीकधी आमचं मशीन फसतं, कमी असलेलं वाढलेलं दिसतं. तसंच झालंय असं मी म्हणत नाही, पण डॉक्टरांच्या कानावर घाला. ते सांगतील तितके दिवस केसांच्या गोळ्या थांबवून रक्त पुन्हा तपासता येईल.

संध्याकाळी टकळीने घरात सगळं भडाभडा सांगितलं. केस गळतात म्हणून गोळ्या, गोळ्यांनी रिपोर्ट चुकीचा, त्यापायी औषध निम्मं, म्हणून थायरॉइड आणखी कमी आणि केस आणखी गळतात. बाबा म्हणाले, पोरीसोरींनी डॉक्टरकीत नाक खुपसू नये.  आई सावकाश, फार सावकाश, केसांच्या गोळ्यांच्या डबीचं झाकण फिरवत होती. आज तिसरी गोळी.

टकळीने तिच्या गार मुठीतून डबी सोडवून घेतली. बोटं एकेक करून उघडावी लागली.

"उद्या मी शाळेला दांडी मारणार," ती म्हणाली. "ही डबी घेऊन आईबरोबर डॉक्टरांकडे जाणार. आई, तू सांगितलं नाहीस तर मी सांगणार. आणि बाबा, त्यांनी हे ऐकून घेतल्याशिवाय हिची थायरॉइडची गोळी मी बंद होऊ देणार नाही."