लासियेमचा हात

सकाळी दार्सोनोच्या छातीत दाबल्यासारखं झालं, डावा हात भरून आला. लासियेमने नवऱ्याच्या पाठीला तेल चोळलं आणि नाण्याची कड जोर लावून ओढली. अंगात वारा शिरला की जावा बेटावरच्या सोलो शहरातली कुठलीही बायको हेच करते, आणि लासियेमचा हात तर गल्लीत नावाजलेला. पाठीवर तांबड्या रेघा उमटल्या, दार्सोनोने ढेकर दिला, "गेला वारा!" म्हणाला आणि टोफूच्या कारखान्यात निघूनही गेला.

लेक वेनिंग दवाखान्यात नर्स. घरी आल्यावर हे ऐकून ती आईवरच उखडली. "आई, हा वारा नाही, हृदय आहे! तू कातडी सोलवटतेस, ती दुखली की मेंदू स्वतःचं औषध सोडतो. त्यानं छातीतलं दुखणंही दबतं. रोग मात्र तिथंच!"

"मग सांग ना तुझ्या बापाला!"

"आत्ताच फोन केला. म्हणतात, तुझ्या आईचा हात असताना डॉक्टर कशाला?"

एरवी हे ऐकून लासियेमच्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं. आज तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दुपारी तो घामाने निथळत परत आला. "येम, नाणं आण."

"आधी दवाखाना."

"तुला नसेल जमत तर शेजारची कार्ती आहेच."

कार्तीने आनंदाने ओढलं असतं, वर गल्लीभर सांगत सुटली असती. लासियेमने मुकाट्याने नाणं घेतलं. वेनिंगने डोळे वटारले, पण तिने तिकडे बघितलंच नाही. नाणं तिने नुसतं पाठीवरून फिरवलं, लहान मुलाला गुदगुल्या कराव्यात तसं.

"जोर लाव की! जेवली नाहीस का?"

"लावतेय."

"कसला लावतेयस? म्हातारी झालीस तू!"

तो कळवळायला लागला. थोडा जोर लावला की याला आराम पडेल, हे तिला ठाऊक होतं. बोटं शिवशिवत होती. त्याचा हट्ट, लेकीचं शहाणपण आणि आपलं हे ढोंग, सगळ्याचाच तिला असा संताप आला की डोळे भरून आले. तरी तिने हात हलकाच ठेवला.

शेवटी त्याने भिंतीला डोकं टेकलं. "वेनिंग, गाडी बोलाव बाई. हिच्यात आता काही राम नाही."

गाडीतही तो गप्प बसेना. "बायकोचा हात गेला हो माझ्या," त्याने कण्हत ड्रायव्हरला सांगितलं.

"हो, गेला!" लासियेम ड्रायव्हरवर खेकसली. "तुम्ही गाडी हाणा!"