शेवटच्या कडव्यातली नर्मदी

मी एक जुनी शाल आहे, मित्रांनो. साधीसुधी नव्हे, सत्काराची. म्हणजे जिला कधीच कुणी थंडीत पांघरत नाही, नुसती खांद्यावर टाकतात, फोटो काढतात आणि लगेच ओढून घेतात, ती.

माझा जन्म सोलापूरचा, यंत्रमागावरचा. रंग मरून, काठ जरीचे. दुबईत निवेदक माझी ओळख 'अस्सल काश्मिरी शाल' अशी करून देतात. डोंबलाची काश्मिरी! मी काश्मीर बघितलेलं नाही. मी बघितलंय ते मुरलीधरभाईंचं कपाट. मुरलीधरभाई म्हणजे इथल्या एका गुजराती कलामंडळाचे सेक्रेटरी. पहिल्या वर्षी त्यांनी माझ्यासारख्या पाच शाली आणल्या होत्या. चौघी ज्यांच्या खांद्यावर गेल्या त्यांच्याबरोबर घरी गेल्या. त्यानंतर मुरलीधरभाईंना अक्कल आली. "फोटो थयो एटले खलास," म्हणजे फोटो झाला की काम संपलं, असं म्हणून ते मला पाहुण्याच्या खांद्यावरून अलगद काढतात, घडी घालतात आणि पुढच्या थोर माणसासाठी ठेवतात. नारळ तेवढा दर वेळी नवा आणतात, कारण नारळ कुजतो. मी कुजत नाही, हा माझा गुन्हा.

आणि ही थोर माणसं कोण? ऐका. गेल्या वर्षीचे 'कलाभूषण' नाटकाला आले आणि पहिल्या अंकात घोरायला लागले. त्याच्या आदल्या वर्षीच्या 'संस्कृतिदीपक' बाईंनी मंडळाला खुर्च्या दिल्या होत्या, म्हणून त्या दीपक. एकदाच एक खरे नाटकवाले आले होते भावनगरहून, पंच्याऐंशी वर्षांचे. त्यांना बोलायला तीन मिनिटं दिली. त्यांनी मला खांद्यावरून स्वतःच काढलं, नीट घडी घातली आणि कुणी मागायच्या आत परत दिलं. त्यांना सगळं कळलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता यंदाची गोष्ट सांगते. कार्यक्रमाचं नाव 'गुर्जर गौरव संध्या'. पडद्यावर गुजरातचे मोठमोठे लोक एकामागून एक येत होते. कवी, कादंबरीकार, गायिका, चित्रकार, समाजासाठी तुरुंगात गेलेले लोक. प्रत्येकाला पाच सेकंद. समोरची मुलं विचारत होती, "हू इज ही?" आणि आया मोबाइलमधून मान वर न काढता सांगत होत्या, "कोई पोएट है, बेटा." पाच सेकंदांत माणूस गौरवून मोकळे! पुढे हमरिया फ्री झोनमध्ये पाइपांचा कारखाना असलेल्या एका शेठजींना 'साहित्यरत्न' द्यायचं होतं. शेठजींनी उभ्या आयुष्यात कोटेशनं सोडून काही लिहिलेलं नाही. पण मंडप, जेवण आणि पडदा त्यांचाच.

त्याआधी मुलींचा गरबा झाला. वाऱ्यातून दिवा सांभाळत नेणाऱ्या बाईचं ते गाणं. नवरात्रात दुबईपासून अल ऐनपर्यंत सगळीकडे वाजतं. पडद्यावर अक्षरं आली, 'गरबो: पारंपरिक'. टाळ्या पडल्या.

मी तेव्हा विंगेतल्या टेबलावर, ताटात, नारळाशेजारी पडून होते. एवढ्यात एक म्हाताऱ्या बाई तिथे आल्या. पांढरी साडी, पायांत मोजे, मागे दहा-अकरा वर्षांची नात, मिहिका. बाई मुरलीधरभाईंना म्हणाल्या, "भाई, छेल्ली कडी बाकी रही गई. एमां मारुं नाम छे." म्हणजे शेवटचं कडवं राहिलं, त्यात माझं नाव आहे.

मुरलीधरभाई घड्याळ बघत म्हणाले, "कोनुं नाम?"

"मारुं. आ गरबो में लखेलो. पेटलादनी निशाळमां, छोकरीओ माटे. बे ज लीटी छे, गवडावी दो ने. आ छोकरी मानती नथी."

म्हणजे पेटलादच्या शाळेत मुलींसाठी हा गरबा मीच लिहिला, दोनच ओळी आहेत, गाऊन घ्या, ही पोरगी मानत नाही. छोकरी खरंच मानत नव्हती. ती म्हणाली, "बा, स्क्रीन पर ट्रॅडिशनल लख्युं छे. ट्रॅडिशनल मीन्स नोबडी रोट इट."

मित्रांनो, त्या वेळी बाईंच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. त्यांना पुरस्कार नको होता, ताट नको होतं, पडद्यावरचे पाच सेकंदही नको होते. आपल्या नातीला आपलं खरं वाटावं, एवढंच हवं होतं. आणि मुरलीधरभाई काय म्हणाले? "बा, आइटम पती गयो. ट्रॅक फिक्स होय छे, छेल्ली कडी बधा कापे छे. बेसो तमे." म्हणजे आयटम संपला, शेवटचं कडवं सगळेच कापतात, बसा तुम्ही. आणि गेले शेठजींच्या स्वागताला.

बाई स्टेजच्या पायऱ्यांजवळच्या खुर्चीवर बसल्या. तिथे एसीचा झोत थेट अंगावर येतो. इथले लोक बाहेर पंचेचाळीस डिग्रीत भाजतात आणि आत येऊन एकमेकांना गोठवतात. बाई कुडकुडत होत्या.

आमच्या हॉलवर केरू काम करतो. देवगडकडचा, पडदे ओढणं, खुर्च्या लावणं सगळं त्याच्याकडे. त्याने हिंदीत विचारलं, "आजी, किसी का राह देखती क्या? कुछ काम है?"

बाई म्हणाल्या, "ना रे भाई, हुं तो नवरी ज छुं."

केरूने आ वासला. "नवरी? ह्या वयात?" आता गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, काहीच काम नसलेली. हे बिचाऱ्याला काय ठाऊक! तो खो खो हसला आणि म्हणाला, "मग आजी, नवरीक शालू नको? शालू नाय तर शाल तरी घ्या." आणि ताटातून मला उचलून त्याने बाईंना नीट, गळ्यापर्यंत पांघरलं.

बाईंना त्याचं अक्षर कळलं नाही, पण ऊब कळली. त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा शाल झाले, मित्रांनो. त्या हळूहळू थरथरायच्या थांबल्या. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू?

तिकडे स्टेजवर निवेदिका संजना तीनदा म्हणाली, "शाल ओढाडीने सन्मान!" ताटात नुसता नारळ. शेठजी मान झुकवून उभे. मुरलीधरभाई धावत आले, मला बघितलं आणि बाईंच्या खांद्यावरून ओढायला लागले. "बा, शाल आपो, यल्ला, बधा राह जुए छे!"

म्हणजे शाल द्या, चला लवकर, सगळे वाट बघताहेत. बाईंनी मला सोडलं नाही. उठल्या आणि म्हणाल्या, "हुं ज ओढाडी दउं." मी माझ्या हातानेच घालते. लोकांना वाटलं, वा, वडीलधाऱ्या हातून सत्कार! मोबाइल वर झाले. मग मुरलीधरभाईंनाही हसावं लागलं. बाई पायऱ्या चढल्या, मला शेठजींच्या अत्तराने माखलेल्या खांद्यावर घातलं, आणि खाली न उतरता माइकसमोर उभ्या राहिल्या. आवाज कापरा होता, सूर पक्का होता.

"एटलुं लखतां नर्मदी थाकी, बाकीनुं सौ गाजो रे."

एवढं लिहिता लिहिता नर्मदी थकली, बाकीचं आता तुम्ही सगळे गा. एवढंच कडवं. लिहिणाऱ्याने शेवटी नाव गुंफायचं, ही जुनी रीत.

मग संजना किलबिलली, "हाउ क्यूट! बाए तो पोतानुं नाम पण अंदर नाखी दीधुं!" आजीबाईंनी गाण्यात स्वतःचं नाव घुसवलं म्हणून सगळे खळखळून हसले. शेठजीही हसले, त्यांचं पोट माझ्याखाली हलत होतं. जिचं गाणं, तिलाच चोर ठरवून टाळ्या वाजवल्या. थू!

फोटो झाला. मुरलीधरभाईंनी मला ओढलं आणि घडी घालायला केरूकडे फेकलं. तो पायऱ्यांशी उभा होता. बाई खाली उतरत होत्या आणि मिहिका त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"बा," ती म्हणाली, "हू इज नर्मदी?"

बाई थबकल्या. म्हणाल्या, "हुं, बेटा."

मित्रांनो, त्या पोरीला आजीचं नावच माहीत नव्हतं. जन्मापासून नुसतं बा, बा, बा. बाई कार्ड हरवतात, म्हणून त्यांचा एमिरेट्स आयडी पोरीच्याच मोबाइलच्या कव्हरमध्ये असायचा, पण वाचलाय कुणी? तिने तो आता काढला. नावावर बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. नर्मदाबेन. मग पडद्याकडे बघितलं, मग आजीकडे.

"सो इट्स नॉट ट्रॅडिशनल," ती म्हणाली. "इट्स यू."

बाई पोरीचा हात धरून पायरीवर बसल्या. केरूने घडी अर्धवट सोडून मला पुन्हा त्यांच्यावर टाकलं. पोरीने ते कडवं तीनदा म्हणून घेतलं. जाताना काचेच्या दारापर्यंत तिचा आवाज येत होता. 'थाकी'चं 'ठाकी' करत होती, पण कडवं पुरं म्हणत होती.

मी परत कपाटात आहे. गरब्याच्या नावापुढे अजून 'पारंपरिक'च लिहिलेलं आहे, आणि मुरलीधरभाईंनी पुढच्या वर्षीचं रत्न शोधूनही ठेवलंय, त्या रत्नाचा मार्बलचा धंदा आहे. मला त्याचं काही नाही. तुमच्याकडे दोनच मागण्या आहेत. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजत असेल तर सत्काराची वाट न बघता शाल पांघरा. आणि घरात जिला तुम्ही नुसतं आजी म्हणता, तिला आज जाऊन तिचं नाव विचारा.